आरोग्याच्या नोंदी आणि विद्यापीठांच्या भिंती

आरोग्य-माहितीशास्त्राची पदवी घ्यावयाची झाल्यास नागपूरच्या विद्यार्थ्याने कोठे जावे, हा प्रश्न वरवर पाहता व्यवसाय-मार्गदर्शनाच्या सदरात शोभावा असा आहे. वस्तुतः तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे. आणि मुंबईस जा, पुण्यास जा, ऐपत असेल तर परदेशी जा, हे त्याचे आजचे उत्तर विदर्भातील उच्च शिक्षणास भूषणावह नाही.

रुग्ण, रोग, औषधे, जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी शास्त्रशुद्ध रीतीने घेणे, एका रुग्णालयात लिहिलेल्या शब्दाचा दुसऱ्या रुग्णालयात तोच अर्थ लागेल अशी परिभाषा वापरणे, त्या नोंदी सुरक्षित राखणे आणि त्यांच्या आधारे उपचाराचे व धोरणाचे निर्णय घेणे, एवढा या शास्त्राचा विस्तार आहे. जर्मनीत हायडेलबर्ग व हाइलब्रॉन येथे १९७२ सालीच त्याची स्वतंत्र पदवी सुरू झाली. आपल्या देशाने 'स्नोमेड' या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिभाषेचे सदस्यत्व २०१४ मध्ये घेतले व तिचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅककडे आले. सप्टेंबर २०२१ मध्ये नागरिकांना १४ अंकी आरोग्य-क्रमांक देण्याची योजना देशभर लागू झाली. त्याच वर्षी संसदेने संलग्न आरोग्य-व्यवसायांचा कायदा केला, आणि त्याच्या अनुसूचीत आरोग्य-माहिती व्यवस्थापन व माहितीशास्त्र या व्यवसायास स्थान मिळाले. कायदा आला, क्रमांकही आले. हे काम जाणणारी माणसे घडविण्याची सोय तेवढी मागे राहिली.

आज विद्यार्थ्यापुढे वाटा आहेत त्या अशा. बारावीनंतर आरोग्य-माहिती व्यवस्थापनाची बी.एस्सी.; तीत नोंदपत्रे सांभाळणे व रोगांना संकेतांक देणे शिकवितात. दुसरी वाट रुग्णालय-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची. त्यांतील बहुतेक खाजगी संस्थांत आहेत आणि त्यांचे लक्ष रोग्यापेक्षा देयकावर अधिक असते. संगणक-अभियंत्यांसाठी मुंबईच्या आयआयटीत डिजिटल आरोग्याचे कोइटा केंद्र आहे. देवनारच्या लोकसंख्या-विज्ञान संस्थेत जैवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळते, आणि ज्याला या विषयाचा पाया पक्का करावयाचा आहे त्याने, नाव वेगळे असले तरी, प्रथम तिचाच विचार करावा. वैद्यकीय पदवीधरांना सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहेच. मात्र यांपैकी कोणत्याही एका वाटेवर डॉक्टर, सांख्यिक आणि संगणकतज्ज्ञ एकाच बाकावर बसत नाहीत.

नागपुरात साधनांची वाण आहे असे नाही. १९४७ चे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे आहे, 'मेयो' या जुन्या नावानेच ओळखले जाणारे दुसरे आहे आणि २०१८ पासून विद्यार्थी घेणारे एम्सही आहे. विश्वेश्वरय्या संस्था आहे, २०१६ ची ट्रिपल आयटी आहे. १९२३ च्या विद्यापीठात सांख्यिकीचा पदव्युत्तर विभाग आहे. पण १९९८ साली नाशिकला आरोग्यविज्ञान विद्यापीठ झाले, आणि राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये सामान्य विद्यापीठांपासून वेगळी निघाली. त्या वाटणीची काही सबळ कारणे होती. तथापि तिचा एक परिणाम असा की नागपुरातील वैद्यकाचा विद्यार्थी एका विद्यापीठाचा आणि सांख्यिकीचा दुसऱ्याचा झाला. एम्स केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे, अभियांत्रिकी संस्था शिक्षण मंत्रालयाकडे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे. एकाच शहरातील ही मंडळी एकमेकांच्या वर्गात जाऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या फायली वेगवेगळ्या कपाटांत आहेत!

ही उणीव किती महाग पडते हे २०२२ साली दिसले. राज्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील संगणकीय नोंदप्रणाली एका खाजगी कंपनीकडे होती. करार संपला, प्रणाली थांबली आणि मोठमोठी रुग्णालये पुन्हा कागदी केसपेपरवर आली. रांगेत उभ्या असलेल्या रोग्याला कराराशी काय कर्तव्य? स्वतःच्या नोंदी स्वतः चालवू शकेल असा प्रशिक्षित वर्ग शासनाने बाळगलेलाच नव्हता.

याउलट गडचिरोलीचे उदाहरण पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९८६ पासून त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील माणसांकडून घरोघरचे जन्म व मृत्यू मोजून घेतले. २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने, राज्यातील बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे उघड केले. त्या मोजणीला यंत्र लागले नव्हते. मेलेले मूल नोंदवहीत आलेच पाहिजे, एवढा कटाक्ष लागला होता. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. ज्या देशात माणूस कशाने गेला हेच लिहिले जात नाही, तेथे चौदा अंकांचे कौतुक किती करावे?

म्हणून नागपुरात हा अभ्यासक्रम निघेल तेव्हा त्याचे पहिले सत्र संगणकाच्या वातानुकूलित खोलीत नव्हे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आशा कार्यकर्ती एकच माहिती वहीत आणि पुन्हा भ्रमणध्वनीवर का भरते, आणि त्या श्रमाचा मोबदला तिला किती मिळतो, हे विद्यार्थ्याने तिच्याच शेजारी बसून पाहावे. दुसरा धडा सिकलसेलचा. विदर्भातील आदिवासी व बौद्ध वस्त्यांत या आजाराची तपासणी चालते. एखादी मुलगी वाहक असल्याची नोंद उपचारासाठी अमूल्य आहे. तीच सोयरीक जुळविणाऱ्यांच्या किंवा विमा कंपनीच्या हाती गेली तर तिचे नुकसान करील. २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याची कलमे पाठ करून हा विवेक येणार नाही.

पदवीबरोबर पदेही हवीत. जिल्हा रुग्णालयांत आरोग्य-माहिती अधिकाऱ्याची कायम पदे मंजूर झाली नाहीत, तर हा पदवीधर रात्रपाळीत अमेरिकन विमा कंपन्यांच्या बिलांना संकेतांक देत बसेल, आणि कंत्राटी संगणकचालक आज जे काम करतात ते तसेच चालू राहील. शुल्काचेही तेच. मेळघाटातील मुलाला परवडेल ते शुल्क शासकीय अनुदानाखेरीज ठरू शकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली आहे. तिच्या पुढचे पाऊल दोन विद्यापीठांनी मिळून एक पदवी देण्याचे. त्यासाठी नागपूर विद्यापीठाची व आरोग्यविज्ञान विद्यापीठाची विद्वत्परिषद एकत्र बसली पाहिजे. नाशिकच्या विद्यापीठाचे विभागीय केंद्र नागपुरातच आहे. पहिल्या बैठकीसाठी प्रवासभत्त्याचाही प्रश्न येऊ नये.