पहिले पिस्तूल घेण्याआधी

वस्तीवर हल्ला झाला की तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात, "परवडेल असं पिस्तूल कोणतं? कंपनी नावाजलेली नसली तरी चालेल." या प्रश्नामागची भीती खरी आहे. तिची आम्ही टिंगल करणार नाही. पण हिशेब मांडू.

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये! शेतमजूर बाईने ते कशाच्या जोरावर घ्यावे? म्हणजे परवान्याचे हत्यार पैसेवाल्याच्या कपाटात आणि गरिबाला परवडतो तो गावठी कट्टा. कट्टा सापडला की आर्म्स ॲक्ट लागतो आणि अट्रॉसिटीचा फिर्यादीच आरोपी होतो. जातदांडग्यांना हेच तर हवे असते.

मग करायचे काय? अट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम काढा, नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात, गरज असेल तर, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे जमा करायची, बेकायदा शस्त्रे जप्त करायची आणि गरजेनुसार आपल्या लोकांना परवाने द्यायचे, हे काम शासनाचे आहे. क्रमही पाहा: आधी त्यांची बंदूक जमा, मग आपला परवाना.

आपल्या जिल्ह्यात या नियमाखाली किती परवाने रद्द झाले? माहिती अधिकारात विचारा. अर्जाची फी १० रुपये. पिस्तुलाआधी हा खर्च करा.

जय भीम!