अंथरूण पाहून पाय

विज्ञानाने मानवाच्या हाती अमर्याद सामर्थ्य दिले, असे आपण निबंधांतून हौसेने लिहितो. परंतु विज्ञानाची खरी परीक्षा होते ती सामर्थ्य तोकडे पडते तेथेच, असे मला वाटते. रानात झाडाला बांधलेला, तारेवाचून चित्रे धाडणारा लहानसा कॅमेरा हे याचे उत्तम उदाहरण होय.

असे अनेक कॅमेरे बिनतारी दुव्याने जोडले की त्यांचे एक जाळे तयार होते. प्रत्येकाजवळ शिदोरी काय ती बॅटरीची. ती संपली की माणसाने रान तुडवीत जाऊन बदलायची. आता थोडा हिशेब पाहा. उष्णतामान कळविण्यास दोन बाइट पुरतात. उलट ६४० गुणिले ४८० बिंदूंचे एक साधे कृष्णधवल चित्र ३,०७,२०० बाइटांचे होते. एका बाइटात आठ बिट असतात. अशा उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या झिगबी पद्धतीत सेकंदास फार तर २,५०,००० बिट जातात, आणि एका खेपेस १२७ बाइटांहून अधिक ओझे नेता येत नाही. म्हणजे एका चित्रासाठी २,४०० हून अधिक खेपा, आणि सारे सुरळीत चालले तरी जवळजवळ १० सेकंद!

“मग अधिक कॅमेरे लावा,” असे कोणी म्हणेल. पण विहिरीवर घागरी वाढविल्याने पाणी वाढत नाही. सर्वांना मिळून बिनतारी वाट एकच. शिवाय दूरच्या कॅमेऱ्यांची चित्रे मधले कॅमेरे पुढे पोचवितात. त्यामुळे ठाण्याजवळच्यांवर सर्वांचा भार पडून तेच प्रथम निकामी होतात आणि मागची सारी रांग मुकी होते.

तेव्हा तरणोपाय काटकसरीचाच. कॅमेऱ्याने एरवी झोपावे. समोरून ऊबदार देह हलला की अल्प विजेवर जागणाऱ्या संवेदकाने त्याला उठवावे. दोघांना एकच देखावा दिसत असेल तर एकाने विश्रांती घ्यावी. आधीच्या चित्राहून जे निराळे, तेवढेच पाठवावे. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कान्हा-पेंचच्या व्याघ्रप्रदेशात बसविलेले ट्रेलगार्ड कॅमेरे तर चित्रात वाघ आहे की माणूस हे स्वतःच ओळखून कामाचे तेवढेच चित्र धाडणारे होते.

हे सर्व स्तुत्य आहे. पण काटकसर आणि कृपणता यांमधील रेषा फार बारीक असते. तो संवेदक ओळखतो देह आणि भोवताल यांच्या उष्णतेतील फरक. वैशाखातल्या दुपारी रान देहाइतकेच तापले की तो फरक उरत नाही, आणि जनावर समोरून गेले तरी कॅमेरा झोपूनच राहू शकतो. “काही घडले नाही” आणि “काही दिसले नाही” यांतील भेद मग ठाण्यावर कळावा कसा? रानाच्या कडेला गुरे वळणाऱ्या गुराख्याच्या मात्र तो जिवाशी येऊन भिडतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक कॅमेऱ्याच्या शिदोरीतला थोडा वाटा राखून ठेवावा. दिवसातून एकदा “मी जागा आहे” एवढा निरोप, आणि काहीही हालले नसताना अवचित वेळी काढलेली एक-दोन चित्रे त्याने धाडावीत. ती बहुधा रिकामीच येतील. पण आपला पहारेकरी काय गाळतो आहे, याची पारख त्यांवाचून होणार नाही. आणि काय गाळावे, हे ठरविताना रानालगत राहणाऱ्यांनाही विचारावे.

घरोघरी आई महिन्याचा खर्च बेताने करते, तरी अडीअडचणीसाठी डब्याच्या तळाशी चार पैसे ठेवतेच. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरे. पण अंथरूण तोकडे म्हणून डोळेही मिटून घ्यावे, असे ती म्हण कोठेच सांगत नाही.