स्वभावाची चिठ्ठी आणि बोलण्याचें अभय

गेल्या महिन्यांत आमची पुतणी पुण्याहून चार दिवस घरीं आली होती. ती एका संगणकाच्या कंपनींत नोकरी करते. रात्रीं जेवणें आटोपून सारीं मंडळी ओटीवर बसलीं असतां तिनें एक छापील कागद माझ्या हातीं दिला आणि हंसत म्हणाली, "काका, आमच्या कचेरींत सर्वांची स्वभावपरीक्षा झाली. मी अंतर्मुख निघालें! आतां बैठकींत गप्प बसलें, तरी कोणी बोल लावीत नाहीं."

तिच्या आनंदावर विरजण घालणें मला बरें वाटलें नाहीं. परंतु गप्प बसण्याची मुभा मिळाली हें ठीक. बोलण्याची मिळाली काय, हा प्रश्न मनांत घोळत राहिला.

या परीक्षेचा इतिहास मनोरंजक आहे. स्वित्झर्लंडमधील मनोवैज्ञानिक कार्ल युंग यानें १९२१ सालीं मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आधारें अमेरिकेंतील कॅथरीन ब्रिग्स आणि तिची कन्या इझाबेल मायर्स यांनीं ही प्रश्नावली रचली. दोघींपैकीं एकीनेंहि मानसशास्त्राचें रीतसर शिक्षण घेतलेलें नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नव्यानें कामाला लागणाऱ्या स्त्रियांना आपापल्या प्रकृतीस मानवेल असें काम मिळावें, हा तिचा एक हेतु होता. अंतर्मुख कीं बहिर्मुख, तपशिलावर भिस्त ठेवणारा कीं अंतःस्फूर्तीवर, तर्कानें निर्णय घेणारा कीं भावनेनें, आधीं सारें ठरवून टाकणारा कीं मोकळीक राखणारा, अशा चार जोड्यांतून एकंदर १६ प्रकार होतात.

आपणांस ही कल्पना अपरिचित नाहीं. चरकसंहितेंत वैद्यानें रोग्याची प्रकृति पारखावी असें सांगितलें आहे. आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार भेद केले आहेत. मीं स्वतः हे भेद वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविले. मात्र ते शिकवितांना एक गोष्ट पक्की ध्यानांत येई, ती ही कीं नाटकांतील नायक पांचव्या अंकापर्यंत धीरललित राहूं शकतो. जिवंत माणूस सकाळीं एक तर सायंकाळीं दुसरा असतो. या परीक्षेवर आजच्या मानसशास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेप हाच आहे. तीच परीक्षा कांहीं आठवड्यांनीं पुन्हां घेतली, तर पुष्कळांचा प्रकार बदलतो. बहुतेक माणसें दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी असतात. त्यांना एका बाजूच्या कप्प्यांत घातल्यानें तीं तेथलीं होत नाहींत. नोकरीसाठीं माणसें निवडण्यास ही परीक्षा वापरूं नये, असें तिचे पुरस्कर्तेहि सांगतात.

मग कचेऱ्यांतून ती इतकी लोकप्रिय कां? तर तिच्यामुळें संभाषणास निमित्त मिळतें. "मला आधीं विचार करावयास वेळ लागतो," हें एरव्हीं सांगण्यास संकोच वाटतो. कागद हातीं असला म्हणजे तें सहज सांगतां येतें. एवढा उपयोग मी मोकळ्या मनानें मान्य करतों.

परंतु चमू चांगला होण्याचें मर्म निराळें आहे. हार्वर्डच्या एमी एडमंडसन या विदुषीनें रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला. चांगल्या चमूंकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी तिची अपेक्षा होती. आढळलें तें उलट. चांगल्या चमूंत चुकांची नोंद अधिक होती! विचारान्तीं तिला कळलें कीं तेथें चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या झांकल्या जात नव्हत्या. पुढें १९९९ सालीं तिनें एका कारखानदारी कंपनींतील ५१ चमूंवरील निबंध प्रसिद्ध केला. "मला समजलें नाहीं", "माझें चुकलें", "हें मला पटत नाहीं" असें म्हटल्यानें आपला पाणउतारा होणार नाहीं, या सामाईक विश्वासास तिनें जें नांव दिलें, त्याला मी आपल्या भाषेंत 'अभय' म्हणेन. गूगल कंपनीनें आपल्या सुमारें १८० चमूंची पाहणी केली, तेव्हां चमूंत कोणत्या स्वभावाचीं माणसें आहेत यापेक्षां तीं एकमेकांशीं कशीं वागतात याला महत्त्व अधिक, आणि त्यांतहि हें अभय सर्वांत पुढें, असें तिला आढळलें.

येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेंत परीक्षेच्या अर्जांचें काम माझ्याकडे असे. एके वर्षीं अकरा मुलांच्या अर्जांवर विषय चुकीचा पडला, आणि तें उमगेपर्यंत मुदत संपली होती. आठ दिवस हेलपाटे घालून दुरुस्ती झाली खरी. पण त्या आठ दिवसांतले मुलांचे चेहरे मी विसरलों नाहीं. मागाहून समजलें कीं कचेरींतील तरुण कारकुनानें ती चूक आधींच पाहिली होती. मी त्याला नेहमीं 'अबोल स्वभावाचा' म्हणत असें. कां सांगितलें नाहीं, असें विचारतां तो खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, मागें एकदां मीं सांगावयास आलों, तेव्हां आपण सर्वांदेखत म्हणालांत, 'तुम्हांला कोणीं विचारलें?'" तो अबोल नव्हता, मींच त्याला अबोल केला होता.

भारवीच्या किरातार्जुनीयाचा पहिला सर्ग मीं किती वेळां शिकविला! त्यांत हेर म्हणून गेलेला वनेचर युधिष्ठिराला अप्रिय वार्ता सांगण्यापूर्वीं क्षमा मागून घेतो, आणि राजा तें सारें ऐकून घेतो. फळ्यावर अन्वय लिहिणाऱ्या मला त्याचा अर्थ त्या कारकुनानें शिकविला.

म्हणून पुतणीला मीं इतकेंच विचारलें, "बाळ, सांगावेंसें वाटूनहि तूं बैठकींत न सांगितलेलें असें कांहीं आहे काय?" ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "आहे. कामांतला एक दोष मला दिसला होता. पण मागें एकदां माझ्या शंकेवर साहेब हंसले होते."

स्वभावाची चिठ्ठी ज्याची त्यानें वाचावी. दुसऱ्याच्या कपाळीं ती चिकटवूं नये. वडीलधाऱ्यांनीं व अधिकाऱ्यांनीं आपलें मत शेवटीं सांगावें, मितभाषी माणसाला विषय आदल्या दिवशीं कळवावा, आणि वाईट बातमी आणणाऱ्याचे आधीं आभार मानावे. हें कचेरीपुरतेंच नव्हे. आपल्या एकत्र कुटुंबांतहि 'धाकटी सून फार शांत' असें आपण कौतुकानें म्हणतों. ती शांत आहे कीं तिला कोणी विचारीतच नाहीं, हें वाचकांनीं आज रात्रीं जेवतांना एकदां पाहावें.

पुतणी परत गेल्यावर चार दिवसांनीं तिचा दूरध्वनि आला. दोष तिनें साहेबांच्या कानावर घातला होता. ते या वेळीं हंसले नाहींत, कागद पुढें ओढून म्हणाले, "दाखवा."