शब्द आपल्या जागेवर हवा



व्याकरण हे परीक्षेपुरतेच असते असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटायचे. आता वाटत नाही. का ते सांगतो.

माझे बाबा पुण्याला कामाला आहेत. एकदा आजीची बहीण तापाने पडली. आई तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि मला म्हणाली, "बाबांना कळव." फोन लागेना, म्हणून मी मोबाईलवर लिहून पाठवले, 'आजारी आजीच्या बहिणीला दवाखान्यात नेले.' बाबांना वाटले, आजीपण आजारी! ते काम टाकून यष्टीने आले. बघतात तर आजी पडवीत तांदूळ निवडत बसलेली. बाबा रागावले नाहीत. पण त्यांची एका दिवसाची हजेरी बुडाली, ती माझ्यामुळे.

गुरुजींनी फळ्यावर लिहिले, 'आजीच्या आजारी बहिणीला.' शब्द तेच. फक्त एकाची जागा बदलली. ज्याचे विशेषण, त्याच्याच शेजारी ते बसवायचे.

आपल्या भाटघरचेच बघा. वेळवंडी नदीवरचे आताचे धरण १९२७ साली पुरे झाले. त्याच्या आधीचे एक धरण आता पाण्याखाली आहे. म्हणून 'जुन्या धरणाची भिंत' म्हटले की पाण्यातली आणि 'धरणाची जुनी भिंत' म्हटले की आपण रोज बघतो ती. इथे जुना, जुनी, जुन्या असे रूप बदलते, त्यावरून तरी कळते. पण आजारी, शुद्ध, लाल हे शब्द बदलतच नाहीत. ते कोणाचे, हे जागेवरूनच ओळखायचे. 'शुद्ध गाईचे तूप मिळेल' असे लिहिले तर गाय शुद्ध का तूप शुद्ध? 'गाईचे शुद्ध तूप' लिहावे.

'फक्त' हा शब्द तर फारच खोडकर आहे. 'फक्त मी पाणी भरले' म्हणजे बाकी कोणी भरले नाही. 'मी फक्त पाणी भरले' म्हणजे दुसरे काम केले नाही. पहिल्यात शाबासकी, दुसऱ्यात बोलणी!

काही मुले म्हणतात, "समोरच्याला समजतंय ना, मग झालं." बोलताना ते चालते. नाही समजले तर समोरचा विचारतो, "कोण आजारी?" पण कागदाला असे विचारता येत नाही. म्हणून लिहिणाऱ्यानेच आधी स्वतःला विचारावे, असे माझे मत आहे.

पालकांनो, आम्ही घरचा निरोप किंवा अर्ज लिहिला, तर तो एकदा आमच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. चूक तिथेच सापडेल. कुणाची हजेरी बुडणार नाही.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी