कॉम्प्युटरला कडी कोण लावणार?

रात्री झोपण्यापूर्वी आपण बायका घरभर एक फेरी मारतोच. गॅस बंद आहे ना, दूध झाकलंय ना, मागच्या दाराला कडी लागली ना. हे कुणी सांगावं लागत नाही. पण हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं दार मात्र महिनोन् महिने सताड उघडं राहतं आणि तिकडे बघायचं काम घरात कुणाचंच नसतं. ‘ते मुलाचं खातं’ किंवा ‘ह्यांना विचारा’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो. मुलाला त्यात गेम हवा असतो आणि ‘ह्यांना’ वेळ नसतो.

वास्तविक आज त्या डब्यात कुणाचं काय काय असतं? बचत गटाचा हिशेब, शिकवणीच्या मुलांच्या फीची नोंद, शिवणकामाच्या गिऱ्हाइकांची मापं, पॅनकार्डाची स्कॅन केलेली प्रत, बँकेचे व्यवहार आणि लेकीच्या बारशापासूनचे फोटो. म्हणजे कपाटातल्या लॉकरइतकंच मोलाचं सामान. मग त्याच्या कुलपाची काळजी आपण का करू नये?

पडद्याच्या कोपऱ्यात ‘अपडेट्स आर अव्हेलेबल’ अशी पाटी येते आणि आपला हात आपोआप ‘नंतर’वर जातो. ही पाटी म्हणजे नेमकं काय? विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम कोट्यवधी ओळींनी बनलेली असते. एवढ्या मोठ्या कापडात कुठे ना कुठे वीण उसवलेली राहतेच. ती सापडली की कंपनी तिच्यावर ठिगळ पाठवते. पॅच या शब्दाचा अर्थच ठिगळ. मायक्रोसॉफ्टची ही ठिगळं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. वेळेच्या फरकामुळे आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते.

गंमत अशी, की ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे होतं ते चोरांनाही कळतं. म्हणून पॅच निघाल्यानंतरचे दिवस ज्यांनी तो लावलेला नाही त्यांच्यासाठी जास्त धोक्याचे. २०१७ मध्ये जगाने हे पाहिलं. विंडोजमधल्या एका फटीवरचा पॅच १४ मार्चला निघाला होता. त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी, १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच फटीतून शिरला. दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरमधल्या फायलींना त्याने कुलूप ठोकलं आणि ते उघडायला तीनशे डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. पुढच्याच महिन्यात आलेल्या ‘नॉटपेट्या’नेही पसरायला इतर वाटांबरोबर हीच फट वापरली. त्याची झळ आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत पोहोचली आणि तिथल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ठिगळ फुकट मिळत होतं, ते लावायचं तेवढं राहून गेलं होतं!

अपडेट टाळण्यामागे आपल्या अडचणीही खऱ्या आहेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो. नेमकं मुलीला प्रोजेक्टची प्रिंट हवी असताना मशिन ‘थांबा’ म्हणतं. मध्येच लाइट गेली तर काय, ही धास्ती वेगळीच. पण यातल्या प्रत्येकीवर उपाय आहे. ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’मध्ये आपल्या कामाच्या वेळा घातल्या, की त्या वेळात मशिन स्वतःहून बंद-चालू होत नाही. लॅपटॉप असेल तर चार्जिंगला लावूनच अपडेट सुरू करावं आणि साधा कॉम्प्युटर असेल तर भारनियमनाची वेळ टाळावी. घरी डेटा पुरत नसेल, तर महिन्यातून एकदा लॅपटॉप बहिणीकडे वायफायला नेला तरी भागतं.

दुसरी गोष्ट जरा स्पष्टच बोलायला हवी. आपल्याकडे दुकानदार स्वस्तात मशिन जुळवून देतो आणि त्यात चोरीची विंडोज घालतो. ती चोरी उघडी पडू नये म्हणून अनेकदा अपडेट बंदच करून ठेवलेलं असतं. ‘ताई, ते चालू करू नका,’ असा सल्लाही वर मिळतो. तेव्हा मशिन घेताना बिल आणि विंडोजचं लायसन्स, दोन्ही मागून घ्या. तेवढा पैसा नसेल तर लिनक्स फुकट मिळतं, त्यात मराठीही चालतं.

आणि घरी विंडोज १० असेल, तर हे नक्की वाचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे नेहमीचे पॅच बंद झाले. मशिन सुरू होतं, गाणी लागतात, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण नवी ठिगळं येईनाशी झालेली असतात. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत कंपनीने दिली, पण त्यासाठी आपण होऊन नाव नोंदवावं लागतं. मशिन पुरेसं नवं असेल तर विंडोज ११ विनामूल्य घेता येतं. ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचा प्रोग्रॅम आपलं मशिन त्यात बसतं का ते सांगतो.

करायचं फार नाही. दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरवर दुसऱ्या मंगळवारच्या पुढचा बुधवार गोल करून ठेवा. त्या दिवशी सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा, ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, काम झालं की मशिन रीस्टार्ट करा. फोटो आणि हिशेबाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवा, कारण सगळ्या चोऱ्या ठिगळाने थांबत नाहीत. आणि इंटरनेट बघताना ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, या नंबरवर फोन करा’ अशी पाटी आली, तर तो नंबर लावू नका. खरं अपडेट फोन करायला सांगत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

मुलाला म्हणावं, ‘करून देऊ नकोस, शिकव.’ तो दोनदा सुस्कारा सोडेल, सोडू दे. मिक्सरचा फ्यूज बदलायला, बँकेचा फॉर्म भरायला आपण अशाच शिकलो. घराच्या किल्ल्या आपल्या कमरेला असतात, ही एक किल्लीही त्याच जुडग्यात यायला हवी.