स्वस्त विषाची खरी किंमत

रेणूत क्लोरिनचे सहा अणू असलेले एण्डोसल्फान हे कीटकनाशक स्वस्त व परिणामकारक म्हणून कापसापासून भाजीपाल्यापर्यंत सर्रास वापरले गेले. परंतु ते लवकर विघटन पावत नाही. मातीत टिकते, सजीवांच्या शरीरात साठते.

केरळातील कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाने काजूच्या बागांवर ते २००० सालापर्यंत वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून फवारले. आसपासच्या वस्त्यांत जन्मजात व्यंगे व मज्जासंस्थेचे विकार आढळले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला.

बंदीच्या विरोधकांचे म्हणणे असे, की पर्यायी औषधे महाग पडतात. हा हिशेबच अपुरा आहे. डब्यावरील किमतीत रोगाचा खर्च धरलेला नव्हता. तो आधी सोसला नफ्यात काडीचाही वाटा नसलेल्या कुटुंबांनी, आणि मग करदात्यांनी. उत्पादक मात्र नामानिराळा राहिला. तेव्हा अशा रसायनास परवाना देतानाच संभाव्य हानीपोटी उत्पादकाकडून अनामत घेतली पाहिजे. तसे झाल्यास कोणते औषध खरोखर स्वस्त, हे बाजारच सांगेल.