मौनानें जातिभेद मरेल काय?

जातीचा उच्चार केल्यानें जातिभेद वाढतो, सबब त्याविषयीं मौन बाळगावें, असा उपदेश कांहीं सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार करितात. त्यांचा हेतु शुद्ध आहे; परंतु युक्तिवाद पुराव्यापुढें टिकत नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, हा रा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं संमत केला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंही १९२४ सालीं चवदार तळें खुलें करण्याचा ठराव केला. मग सारे स्वस्थ बसले, आणि तळें होतें तसेंच बंद राहिलें! २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर अनुयायांसह तेथें पाणी प्याले, तेव्हां कोठें प्रश्न उघड्यावर आला. १९३७ सालीं मुंबई हायकोर्टाचा निकालही त्यांच्याच बाजूनें लागला. बोलण्यानें कटुता आली म्हणावें, तर ती तळ्याच्या कांठीं आधींच होती. ज्यांस पाणी मिळत होतें, त्यांसच मौन सोयीचें होतें.

मात्र बोलण्याचा हेतु हक्क मिळवून देणें हा असावा. जातीजातींत मतांचा बाजार मांडणें हा नव्हे. वहींतलें देण्याचें पान फाडल्यानें कर्ज फिटत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. स्वतंत्र राष्ट्रानें तें पान उघडून वाचावें, आणि देणें चुकतें करावें.